न दाखवलेला गोपनीय अहवाल आणि अडलेला वीस वर्षांचा लाभ

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्य शासनाच्या एका कार्यालयातल्या लिपिक ताई ऑगस्ट २००३ मध्ये सेवेत लागल्या. आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे पदोन्नती न मिळता ठरावीक वर्षं काढलेल्यांना वरचं वेतन देणाऱ्या योजनेचा, पहिला लाभ त्यांना २०१५ मध्ये वेळेवर मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये वीस वर्षं पूर्ण झाली आणि बरोबरच्या सगळ्यांची दुसऱ्या लाभाची वेतननिश्चिती झाली. यांना मात्र एका ओळीचं पत्र आलं: ‘गोपनीय अहवालांची सरासरी प्रतवारी विहित मर्यादेपेक्षा कमी असल्याने आपण लाभास अपात्र आहात.’ आस्थापना शाखेत विचारल्यावर तोंडी कळलं की २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन वर्षांना ‘ब उणे’ ही खालची प्रतवारी दिलेली आहे. हे अहवाल त्यांना कधी दाखवलेच नव्हते. २०२०-२१ चे पहिले नऊ महिने त्या कोरोना नियंत्रण कक्षात होत्या, आणि त्या वर्षाचा अहवाल ज्या साहेबांनी लिहिला ते फेब्रुवारी २०२१ मध्ये रुजू झाले. पत्राला चार महिने झालेत. हे सोडून द्यावं का, आणि लढायचं तर सुरुवात कुठून करावी, असं त्या विचारतात.

ताई, सोडून देऊ नका. चौतीस वर्षं मी आस्थापनेचं काम केलं, त्यातली बरीच वर्षं गोपनीय अहवालांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. निवृत्तीनंतर अशी प्रकरणं लिहून देतो. तुमच्या प्रकरणात दोन वर्षांचे दोन वेगवेगळे मुद्दे आहेत आणि दोन्ही दमदार आहेत. फक्त ते एकत्र कालवू नका. बहुतेक कर्मचारी ‘माझ्यावर अन्याय झाला, मी प्रामाणिकपणे काम केलं’ असं चार पानं लिहितात आणि कामाचा मुद्दा तिसऱ्या पानावर हरवतो.

आधी नुकसान किती ते कागदावर मांडा. ‘एक वेतनवाढ गेली, गेली’ असं म्हणणारे खूप भेटतात. तुमचं मूळ वेतन ५०,००० च्या आसपास आहे असं धरू. वेतननिश्चितीत मिळणारी एक वेतनवाढ ३ टक्क्यांनी साधारण १,५०० रुपये होते. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर महिन्याला २,२५० आणि वर्षाला २७,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. हा फरक पुढच्या प्रत्येक वेतनवाढीबरोबर वाढत जातो. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात, म्हणजे जुनी पेन्शन. शेवटच्या वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन, त्यावरचा महागाई भत्ता, उपदान, रजेचं रोखीकरण, पुढे घरच्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन, सगळीकडे हाच कमी आकडा बसतो. कुणीतरी दोन वर्षांच्या फॉर्मवर उमटवलेली दोन अक्षरं तुमच्या मरणानंतरसुद्धा घरच्यांच्या खात्यात कमी पैसे जमा करत राहणार. म्हणून तर ती अक्षरं तुम्हाला वेळेवर दाखवणं ही मेहरबानी नव्हे.

न्यायालयांनी नेमकं हेच म्हटलं आहे, आणि ते समजून घ्यायला देव दत्त यांचं प्रकरण वाचावं. हे गृहस्थ सीमा सडक अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी मागच्या पाच वर्षांत ‘अतिशय चांगला’ ही प्रतवारी हवी होती. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. तेवढ्यावर पदोन्नती गेली. शासनाचं म्हणणं असं की ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, प्रतिकूल असेल तरच कळवायचा असतो. गुवाहाटी उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ ला निकाल दिला तेव्हा ते निवृत्त झालेले होते. न्यायालयाने सांगितलं की शेऱ्याला नाव काय दिलं आहे याला महत्त्व नाही, त्याचा परिणाम काय होतो याला आहे. ज्या ‘चांगला’मुळे माणूस पदोन्नतीतून बाहेर पडतो, तो त्याच्यासाठी प्रतिकूलच. आणि त्यापुढे जाऊन न्यायालय म्हणालं की वाईट, साधारण, चांगला, अतिशय चांगला, कोणतीही नोंद असो, ती कर्मचाऱ्याला वाजवी वेळेत कळवलीच पाहिजे, कारण न कळवल्याने त्याची पदोन्नती किंवा अन्य लाभ जाऊ शकतो आणि त्याला दाद मागायची संधीच मिळत नाही. समानतेच्या हक्काच्या, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १४ च्या, विरुद्ध आहे ते. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना मात्र हा नियम लागू नाही, हेही त्याच निकालात आहे.

या निकालातला मदतीचा भाग नीट वाचा. न्यायालयाने देव दत्त यांना थेट पदोन्नती दिली नाही. शेरा दोन महिन्यांत कळवा, त्यांना अभिवेदन, म्हणजे शेऱ्याविरुद्ध लेखी म्हणणं, करू द्या, शेरा सुधारला तर पदोन्नती समितीने पूर्वलक्षी प्रभावाने विचार करावा, आणि निवड झाली तर वाढीव निवृत्तिवेतन व थकबाकी ८ टक्के व्याजाने द्यावी, असा तो क्रम आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अभिजित घोष दस्तीदार यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने आणखी पुढचं पाऊल टाकलं: न कळवलेल्या ‘चांगला’ नोंदी निवडीच्या वेळी विचारातच घ्यायला नको होत्या. मग काही काळ गोंधळ होता, कारण उलट सूर लावणारे निकालही होते. २३ एप्रिल २०१३ ला सुखदेव सिंग प्रकरणात पुन्हा तीन न्यायमूर्तींनी तो गोंधळ संपवला, देव दत्त निकालावर शिक्कामोर्तब केलं आणि विरुद्ध जाणारे निकाल योग्य कायदा सांगत नाहीत असं जाहीर केलं. कळवण्याची तीन कारणं तिथे दिली आहेत: माणसाला काम सुधारता येतं, पटलं नाही तर दाद मागता येते, आणि मूल्यमापनात पारदर्शकता राहते.

म्हणजे तुमच्या हातात दोन मागण्या आहेत. पहिली, न कळवलेले अहवाल वगळून माझा विचार करा. दुसरी, पर्यायी, ते अहवाल आता रीतसर कळवा, माझ्या अभिवेदनावर निर्णय घ्या आणि मग समितीची पुनर्विलोकन बैठक घ्या. अर्जात दोन्ही लिहायच्या, याच क्रमाने.

पण पहिली मागणी करण्याआधी एक गोष्ट तपासा, ती फार थोडे जण तपासतात. एखाद्या वर्षाचा अहवाल वगळला की समिती रिकामी जागा तशीच सोडत नाही. केंद्राच्या पदोन्नती समित्यांसाठी १९८९ पासून सूचनाच आहे की एखाद्या वर्षाचा अहवाल उपलब्ध नसेल तर त्याआधीच्या वर्षाचा अहवाल बघावा, आणि राज्यातल्या समित्याही बहुतेक तसंच करतात. तुमच्यासाठी समितीने २०१८-१९ ते २०२२-२३ ही पाच वर्षं धरली असणार. त्यातली दोन वगळली तर २०१६-१७ आणि २०१७-१८ वर येतील. त्या दोन वर्षांत काय आहे? माझ्याकडे एक चालक आला होता, त्याने हौसेने एक अहवाल वगळून घेतला आणि आधीच्या वर्षाचा त्याहून वाईट निघाला. तो कळवलेला होता, त्याच्या सहीनिशी. मग काही करता येईना. तेव्हा आधी सातही वर्षांच्या प्रती हातात घ्या, मागणी नंतर ठरवा.

प्रती मिळवायच्या कशा? महाराष्ट्रात सामान्य प्रशासन विभागाचे १ नोव्हेंबर २०११ आणि ७ फेब्रुवारी २०१८ चे गोपनीय अहवालांबद्दलचे शासन निर्णय आहेत. त्यांचा हवाला देऊन आधी साधं पत्र द्या: ‘माझ्या २०१६-१७ ते २०२२-२३ च्या अहवालांच्या संपूर्ण प्रती मिळाव्यात.’ आठवड्याभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. स्वतःचा अहवाल स्वतःला मागताय, त्यामुळे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देता येत नाही. मात्र बरोबरच्या सहकाऱ्यांचे अहवाल मागू नका. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याची कामगिरी ही तो आणि नियोक्ता यांच्यातली बाब मानली आहे, त्यामुळे ते मिळणार नाहीत आणि तुमचा मूळ अर्ज विनाकारण रेंगाळेल.

त्याच अर्जात आणखी तीन गोष्टी मागा. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, म्हणजे कोणत्या वर्षांची सरासरी कशी काढली ते कळेल. त्या दोन वर्षांचे अहवाल तुम्हाला पाठवल्याची जावक नोंद आणि जावक क्रमांक. आणि तुमच्या सहीची पोच. सगळ्यात मोलाचा कागद हा तिसरा आहे, आणि तो त्यांच्याकडे नसणार. ‘अशी पोच अभिलेखात उपलब्ध नाही’ असं जनमाहिती अधिकाऱ्याने शिक्क्यानिशी लिहून दिलं की तुमचं निम्मं प्रकरण तिथेच उभं राहतं. पुढे मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, कार्यालय कितीही सांगो की ‘कर्मचाऱ्यास अवगत केले होते’, हा कागद त्यांच्याच हातचा आहे.

ही पोच का नसते ते मला चांगलं माहीत आहे. अहवाल एप्रिल-मे मध्ये स्वयंमूल्यांकनासह वर जातात, प्रतिवेदन अधिकारी लिहितात, मग त्यांच्या वरच्या पुनर्विलोकन अधिकाऱ्यांकडे जातात आणि महिन्यांनंतर एकगठ्ठा परत येतात. आमच्या काळी खाकी पाकिटं लाल शाईने ‘गोपनीय’ लिहून, लाख लावून यायची. त्यातून प्रत्येकाची प्रत काढायची, पत्र करायचं, जावक करायचं, पोच घ्यायची. हे काम कुणाच्याच कामाच्या यादीत पहिलं नसतं. एका वर्षी माझ्याकडे सत्तर-ऐंशी अहवाल एकदम आले, मार्चअखेर होती, दुसरं टेबलही माझ्याकडेच होतं. ज्यांना अगदी वाईट शेरा होता त्यांना मी पत्रं काढली. ज्यांना नुसती प्रतवारी कमी होती त्यांची पाकिटं कपाटात ठेवून दिली, सवडीने पाठवू म्हणून. त्यातले एक भांडारपाल होते. चार वर्षांनी त्यांचा कालबद्ध पदोन्नतीचा लाभ त्याच अहवालावर अडला. तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले आणि एवढंच म्हणाले, ‘साहेब, त्याच वर्षी सांगितलं असतं तर मी त्यांना जाऊन विचारलं असतं, काय चुकलं ते.’ तोपर्यंत अहवाल लिहिणारे अधिकारी वारले होते, विचारायचं कुणाला? लाभ न घेताच ते निवृत्त झाले. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. ते वाक्य मी विसरलेलो नाही, आणि आज ही प्रकरणं फुकट लिहून देतो त्यामागे तेच आहे.

आता तुमचं २०२०-२१. इथे न कळवण्याच्या मुद्द्याआधी त्याहून मूलभूत दोष आहे. ज्याने निदान तीन महिने तुमचं काम पाहिलं, त्यानेच अहवाल लिहायचा असतो. साहेब फेब्रुवारीत आले, वर्ष ३१ मार्चला संपलं, म्हणजे जेमतेम दोन महिने. त्याआधी नऊ महिने तुम्ही नियंत्रण कक्षात होता. त्या काळाचा अहवाल तिथल्या अधिकाऱ्यांनी लिहायला हवा होता. हे सिद्ध करायला भाषणाची गरज नाही, तीन कागद पुरतात: नियंत्रण कक्षात नेमणुकीचा आदेश, कार्यमुक्तीचा आदेश, आणि त्या साहेबांचा रुजू अहवाल. तिसरा तुम्हाला थेट मिळणार नाही, पण त्यांच्या पदस्थापनेचा आदेश आणि त्यांनी कार्यभार घेतल्याचं कार्यालयीन पत्र माहिती अधिकारात मिळतं. नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्यांनी प्रशस्तिपत्र किंवा साधं कौतुकाचं पत्र दिलं असेल तर तेही जोडा. ज्या महिन्यांत तुम्ही रात्रपाळीत रुग्णांना खाटा मिळवून देत होता, त्या महिन्यांचं मूल्यमापन तुम्हाला न पाहिलेल्या माणसाने केलं. हे वाक्य अर्जात असंच लिहिलंत तरी चालेल, कारण ते खरं आहे.

२०१९-२० चं तसं नाही. तिथे लिहिणारे साहेब वर्षभर तुमच्यावर होते असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तेव्हा तिथला मुद्दा न कळवण्याचा, आणि प्रत हातात आल्यावर आतल्या विसंगतीचा. प्रत मिळाली की थेट शेवटच्या अक्षराकडे पाहू नका, रकाना-रकाना वाचा. मी कितीतरी अहवाल असे पाहिलेत की कामाचा उरक ‘चांगला’, नियमितपणा ‘चांगला’, सहकाऱ्यांशी वागणूक ‘उत्तम’, सचोटी निर्विवाद, आणि खाली एकूण प्रतवारी ‘ब उणे’. वरच्या कोणत्या रकान्यातून हे ‘ब उणे’ आलं याला उत्तर नसतं. कधी पुनर्विलोकन अधिकारी कारण न लिहिता प्रतवारी एक पायरी खाली आणतात, तेही बघा. आधीच्या वर्षाच्या मानाने अचानक मोठी घसरण असेल तर उत्तर प्रदेश जल निगम विरुद्ध प्रभातचंद्र जैन हा १९९६ चा निकाल उपयोगी पडतो: घसरणीची कारणं नोंदवावीत आणि कर्मचाऱ्याला कळवावीत, असं तिथे म्हटलं आहे. शिवाय त्या वर्षभरात तुम्हाला एखादं ज्ञापन, लेखी समज, खुलासा मागणारं पत्र आलं होतं का? आलं नसेल तर तसं ठणकावून लिहा. यमुना शंकर मिश्र प्रकरणात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की प्रतिकूल मत बनवण्याआधी अधिकाऱ्याने ती माहिती संबंधिताला दाखवावी, त्याला सुधारायची संधी द्यावी.

अभिवेदन दोन पानांच्या वर नेऊ नका. तारखांचा तक्ता पहिल्या पानावर. मग एक परिच्छेद २०२०-२१ वर, एक २०१९-२० वर, मग दोन मागण्या. साहेबांचा हेतू वाईट होता, जातीवरून केलं, रजेच्या वादावरून केलं, असे आरोप करायचे असतील तर प्रसंग, तारीख, साक्षीदार लागतात, आणि न्यायाधिकरणात त्या अधिकाऱ्याला नावानिशी पक्षकार करावं लागतं. पुरावा नसेल तर तो मुद्दा घेऊच नका. तुमचं प्रकरण त्याशिवाय उभं आहे. मजकूर साधारण असा ठेवा: ‘सन २०१९-२० चा अहवाल मला आजतागायत कळविण्यात आलेला नाही. कळविल्याची पोच उपलब्ध नसल्याचे जनमाहिती अधिकाऱ्यांनी सोबतच्या पत्राने कळविले आहे. सबब सदर अहवाल माझ्या विरुद्ध विचारात घेता येणार नाही.’ सरकारी मराठी रुक्ष आहे खरी, पण या ठिकाणी तीच कामाची.

उत्तरात काय येईल तेही सांगून ठेवतो. एक, ‘प्रतवारी प्रतिकूल नसल्याने कळविण्याची आवश्यकता नव्हती.’ याचं उत्तर देव दत्त. दोन, ‘हे पदोन्नतीचे निकाल आहेत, आश्वासित प्रगतीला लागू नाहीत.’ त्याच निकालात अन्य लाभांचाही विचार आहे, आणि तुमचा लाभ त्याच अहवालांवर, तशाच समितीने ठरवला आहे, तेव्हा हा बचाव टिकू नये. तीन, आणि ही खरी शक्यता आहे: अर्ज मिळताच ते घाईघाईने दोन्ही अहवालांच्या प्रती तुमच्या हातात ठेवतील. नाकारू नका. सही करताना सहीखाली स्वतःच्या हाताने लिहा, ‘प्रथमच आज दि. … रोजी प्रत मिळाली’. या एका ओळीने न कळवल्याचा मुद्दा त्यांच्याच पोचपावतीवर कोरला जातो. मग पत्रात दिलेल्या मुदतीत शेऱ्यांविरुद्ध वेगळं अभिवेदन द्या. केंद्रात ही मुदत १५ दिवसांची असते. तुम्हीही पंधरा दिवसांच्या आतच द्या, वाट पाहण्यात काही हशील नाही.

केंद्राची गोष्ट निघाली म्हणून, हे वाचणाऱ्या रेल्वे, टपाल, आयुध निर्माणीतल्या मंडळींसाठी थोडं. तुमच्याकडे १४ मे २००९ च्या कार्मिक विभागाच्या आदेशाने २००८-०९ पासून पूर्ण अहवाल, एकूण प्रतवारी आणि सचोटीच्या नोंदीसह, कळवायचा असतो. त्याआधीच्या वर्षांचे कमी प्रतवारीचे अहवाल पुढच्या समितीसमोर जाणार असतील तर तेही कळवा, असा १३ एप्रिल २०१० चा आदेश आहे. तुमचा धोका मात्र राज्यापेक्षा मोठा आहे. सातव्या वेतन आयोगानंतर, २५ जुलै २०१६ पासून, १०, २० आणि ३० वर्षांच्या एमएसीपीसाठी, म्हणजे केंद्राच्या आश्वासित प्रगती योजनेसाठी, किमान प्रतवारी ‘चांगला’वरून ‘अतिशय चांगला’ झाली. दहापैकी पाच गुण मिळालेला माणूस कागदावर ‘चांगला’ असतो आणि लाभाला अपात्र असतो. ज्या शब्दाचा अर्थ घरी, शाळेत, बाजारात सगळीकडे चांगला असाच होतो, त्याने पगार अडतो. अशा व्यवस्थेत तर नोंद दरवर्षी डोळ्यांखालून गेलीच पाहिजे. तुमचे अहवाल ऑनलाइन दिसत असतील तर दरवर्षी उघडून बघा आणि प्रत काढून ठेवा.

मुदतीबद्दल बारकाईने वाचा, कारण चांगली प्रकरणं इथेच मरतात. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५ प्रमाणे अंतिम आदेशापासून एका वर्षात मॅटमध्ये जायचं असतं. नियमात असलेलं अभिवेदन केलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. पण तुमच्या पत्राला ‘अंतिम आदेश’ म्हणायचं की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून सुरक्षित हिशोब करा: नकाराच्या पत्राच्या तारखेपासून एक वर्ष. चार महिने गेलेत, आठ उरलेत. या आठवड्यात प्रतींचा अर्ज, महिन्या-दीड महिन्यात अभिवेदन, आणि उत्तर येवो न येवो, वर्षाच्या आत मॅटमध्ये मूळ अर्ज दाखल. एकामागून एक स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ मध्येच ते स्पष्ट झालं आहे. ‘साहेब म्हणालेत बघतो’ यावर दोन वर्षं काढलेले लोक माझ्याकडे येतात, आणि मला त्यांना विलंब माफीच्या अर्जापासून सुरुवात करून द्यावी लागते. उशीर झाला तर जिंकल्यावरही थकबाकी बहुधा मागच्या तीन वर्षांपुरतीच पदरात पडते.

एक सावधगिरी वयाची. तुम्ही पन्नाशीच्या जवळ असाल तर ५०/५५ वर्षांच्या पुनर्विलोकनात हेच अहवाल पुन्हा निघतील. सक्तीच्या निवृत्तीच्या बाबतीत न कळवलेले शेरेही बघता येतात, असं बैकुंठनाथ दास प्रकरणात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणून लाभ मिळाला की झालं असं समजू नका. शेरा काढून टाकल्याचा किंवा प्रतवारी सुधारल्याचा लेखी आदेश घ्या आणि तो गोपनीय नस्तीत लावल्याची खात्री करून घ्या.

अहवाल लिहिणारे अधिकारीही हे वाचत असतील. तुमची अडचण मला कळते. प्रत द्यावी लागते म्हणून अनेकांनी सगळ्यांना ‘अ’ द्यायला सुरुवात केली, आणि खरोखर झोकून काम करणारा आणि हजेरीपुरता येणारा यांतला फरक कागदावरून पुसला गेला. हेही तितकंच वाईट आहे. पण त्यावर उपाय शेरा लपवणं हा नाही. ज्याचं काम कमी पडतंय त्याला सप्टेंबरमध्ये बोलवा, दोन ओळींचं ज्ञापन द्या, डिसेंबरमध्ये पुन्हा बघा. मग मार्चमध्ये ‘ब उणे’ लिहिलंत तर ते वाचून त्याला धक्का बसणार नाही आणि न्यायाधिकरणात तुमची सही डगमगणार नाही. आणि आस्थापनेतल्या माझ्या भावंडांनो, अहवाल परत आले की पहिल्या आठवड्यात पोच घ्या. मार्चअखेर दरवर्षी येते.

ताई, अर्ज द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या. आवक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका. ‘ठेवून जा, नंतर नंबर देतो’ म्हणाले तर शांतपणे म्हणा, ‘मी बसते.’ मग ती प्रत घरी आणा आणि सेवापुस्तकाच्या झेरॉक्सबरोबर एका फाइलीत लावा. प्रती हातात आल्या की दोन्ही अहवालांतले रकाने जसेच्या तसे लिहून कळवा, अभिवेदनाचा मसुदा आपण बसून करू.